ताईच्या पेशींची लागवड

माझ्या बहिणीच्या हातातून चिमटा पहिल्यांदा पडला तेव्हा ती शेडनेटमध्ये काम करत होती. दुसरबीडच्या शिवारात बियाणं कंपन्यांसाठी संकरित मिरचीच्या बियाण्याचे प्लॉट घेतात. उद्या उमलणारी कळी आज बारीक चिमट्यानं उघडायची, तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतल्या फुलाचा पराग तिला लावायचा. या कामाला तिथं क्रॉसिंग म्हणतात. हात जड पडला की कळी गळते. ताईच्या ओळीत कळ्या फार गळत नसत, म्हणून दुसऱ्यांच्या प्लॉटवरूनही तिला बोलावणं येई.

चिमटा पडला. तिनं उचलला. पुन्हा पडला. शेजारच्या ओळीतली बाई म्हणाली, "काऊन वं, चिमट्याले तेल लावून आणलं काय?" ताई हसली आणि डाव्या हातानं काम करू लागली. हे तिनंच मला सांगितलं, तेव्हा तिची जीभ नीट चालत होती.

आमचे वडील डोणगावचे. बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. त्यांच्या हातातून पाना पडायचा. मग शर्टाची बटणं लागेनाशी झाली, मग चालताना पाऊल लोंबू लागलं, मग अन्न घशात अडकू लागलं. गावानं त्याला लकवा म्हटलं. लकवा एका दिवसात येतो आणि यांचं शरीर थोडं थोडं करून जात होतं, हा फरक कोणी विचारात घेतला नाही. ते गेले तेव्हा मी शाळेत होतो आणि ताईचं लग्न ठरलेलं होतं. पुढं मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका दैनिकात लागलो. ताई दुसरबीडला नांदायला गेली.

आजार कोणता ते संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हालचालीचा हुकूम देतात, त्या एकेक करून मरतात. हुकूम न आल्यानं स्नायू वाळतात. जाणीव शाबूत राहते, विचार शाबूत राहतो. शेवटी श्वासाचे स्नायूही थांबतात. बहुतेकांना हा आजार घराण्यात कोणाला नसताना होतो, काही घरांत तो पिढीतून पिढीत येतो. रक्त तपासायला पाठवलं. आमचं घर त्या काही घरांपैकी निघालं.

डॉक्टर समजावत होते. आईकडून जनुकाची एक प्रत येते, बापाकडून एक. दोहोंपैकी एक बिघडलेली आली तरी पुरे. अशा माणसाच्या प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी.

ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि दाजींकडे वळून म्हणाली, "म्हंजे आमच्यात मादी साफ होती. नर लाइन खराब निघाली."

डॉक्टरांना ते कळलं नाही. दाजी हसले, पण त्यांनी मान खाली घातली होती. त्यांना एक मुलगी आहे. ती जालन्याला शिकत होती. तिची तपासणी करायची का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ताई म्हणाली, "तिच्या मनावर." मग मला म्हणाली, "अन् तुह्या बी." मुलीनं ती तपासणी केलेली नाही. मीही केलेली नाही.

कातडीचा नमुना द्याल का, हे त्याच रुग्णालयात विचारलं गेलं. दुसऱ्या राज्यातल्या एका प्रयोगशाळेतल्या संशोधक बाई तिथं आल्या होत्या. मूळच्या खानदेशातल्या, त्यामुळे मराठीत बोलल्या. त्यांनी सांगितलं ते असं. ताईच्या दंडावरून मसुराच्या दाण्याएवढी कातडी घ्यायची. तिच्यातल्या पेशी भांड्यात वाढवायच्या आणि मागे न्यायच्या, म्हणजे आईच्या पोटात गर्भ नुकता धरतो तेव्हाच्या अवस्थेला. त्या झाल्या मूलपेशी. मूलपेशीतून शरीरातली कोणतीही पेशी घडवता येते. त्यांतून हालचालीच्या चेतापेशी घडवायच्या. जिवंत माणसाच्या कण्यातून अशी पेशी काढून पाहता येत नाही, काढली तर माणूस अधू होतो. म्हणून ताईचा आजार ताईच्या शरीराबाहेर तयार करायचा आणि तो कुठून सुरू होतो ते पाहायचं. त्याच पेशींच्या दुसऱ्या गटात जनुकातली चूक दुरुस्त करायची आणि दोन्ही गट शेजारी ठेवून तपासायचे.

"याचा उपचार म्हणून तुम्हाला उपयोग होईल असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मी तिथं होतो.

दाजींनी विचारलं, "वाढाले किती दिवस लागतात?"

"काही महिने. नाजूक काम आहे. सगळ्याच जगत नाहीत."

"तापमान बांधून ठिवा लागत असन."

"हो, अगदी. तापमान, हवा, सगळं."

"अन् पाणी?"

"पाणी नाही, एक द्रव असतो, त्यात सगळी खाद्यद्रव्यं असतात. तो बदलत राहावा लागतो."

दाजींनी समाधानानं मान हलवली. ताईनं दंड पुढं केला. दंड बधिर करायची सुई टोचताना म्हणाली, "घ्या बाई. इतकी वर्सं कंपनीले बी देलं, आता कातडं देतो."

त्यानंतरचे महिने मी तुकड्यातुकड्यांनी पाहिले. जाईन तेव्हा काहीतरी कमी झालेलं असे. आधी उजवा हात गेला, मग डावा. ती पायानं दार लोटू लागली, मग पायही उचलेना. आवाज नाकात गेला. पातळ पदार्थ घशातून उलटे येऊ लागले. चहाला ठसका लागे, म्हणून दाजी चहात बिस्कीट कुस्करून त्याचा लगदा भरवत. एका जेवणाला सकाळ संपे. ती वाळत गेली. गळ्याची हाडं दिसू लागली.

संभाजीनगरला प्रत्येक खेपेला तिला एका नळीत फुंकर मारायला लावत. श्वासाची ताकद किती उरली ते त्यावरून कळतं. डॉक्टर म्हणाले, "पोटात नळी बसवून घ्या. अन्न सरळ पोटात जाईल, छातीत उतरणार नाही."

दाजी म्हणाले, "अजून गिळते ना ती."

"गिळता येतंय तोवरच बसवायची असते. बसवताना गुंगी द्यावी लागते, आडवं झोपवावं लागतं. श्वास निम्म्याच्या खाली गेला की ते करता येत नाही. मग इच्छा असली तरी नाही."

इतकं स्पष्ट सांगितलेलं होतं. ताई म्हणाली, "पाहू." पुढच्या खेपेलाही म्हणाली, "पाहू." मला वाटलं, भीती आहे. शस्त्रक्रियेची भीती मी बातम्यांसाठी फिरताना पुष्कळ पाहिली आहे. तिला वेळ द्यावा, असं मी दाजींना म्हणालो. ते चटकन "हाव, हाव" म्हणाले.

खरं कारण मला एका दुपारी कळलं. सिंदखेड राजाच्या बाजूला कामासाठी गेलो होतो, परतताना दुसरबीडला थांबलो. ताई ओसरीत पलंगावर टेकून होती. दाजी तिच्या हाताला कोमट तेल चोळत होते. बोट बोट वेगळं धरून, मनगट फिरवून, दंडापर्यंत. दंडावर नमुना घेतल्याचा व्रण होता. त्या जागी ते जास्त वेळ थांबत. मला पाहून ताई म्हणाली, "आला... पेपरवाला." शब्द एकमेकांना चिकटून येत होते, पण कळत होते. "आज मायी काय... बातमी?"

"बातमी तूच दे. नळीचं काय ठरवलं?"

तिनं दाजींकडे पाहिलं. दाजी तेल चोळत म्हणाले, "पाव्हणे, आता पोटाले भोक पाडून कसं चालन? पेशी आल्यावर मंग?"

"कोणत्या पेशी?"

"त्याच. तिकडं वाढून राह्यल्या त्या."

मी विचारलं, त्या इकडं येणार आहेत असं कोण म्हणालं. कोणीच म्हणालेलं नव्हतं. दाजी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागले. ट्रेमध्ये बी टाकतात. ऊन, थंडी, पाणी सांभाळून रोप वाढवतात. रोप तयार झालं की वावरात लागवड करतात. रोप वाढवायचं आणि लावायचं नाही, असा धंदा त्यांनी कुठं पाहिला नव्हता. त्या बाईंनी हिच्याच अंगातून घेतलं, हिच्याच जातीच्या शिरा तयार करून राहिल्या, मग त्या लावायच्या कोणाच्या अंगात? त्यांनी हंगामही धरला होता. काही महिने म्हणजे मिरची तोडणीला येईल तोवर. तोपर्यंत वावर तयार पाहिजे. म्हणून हे तेल, म्हणून हात-पाय आखडू न देणं. म्हणून पोटाला भोक नको.

"रोप येऊन पडलं अन् वावरच खराब असलं," दाजी म्हणाले, "तर कोणाले बोल लावायचा?"

मी म्हणालो, "त्यांनी सांगितलं होतं, उपचार नाही म्हणून. दोनदा."

"बियाण्याचा माणूसबी तसंच म्हणते. हमी नाही, हमी नाही. कागदावर बी लिहून घेते. तरी गाडी घेऊन येतेच ना?"

ताई म्हणाली, "तू मिरचीचं... एक रोप तरी... लावलं का रे कधी? मोठा आला."

तिच्या चेहऱ्यावर जुनं हसू होतं. स्नायू साथ देत नव्हते म्हणून ते अर्ध्यात थांबलं.

तिथं मला त्यांच्याच कामातला दाखला सापडला. कंपनी बियाणं नेते तेव्हा त्यातलं थोडं वेगळं काढून स्वतःच्या शेतात पेरते. रोपं उगवतात, वाढतात, आणि ती जातीला शुद्ध आहेत की भेसळ आहे एवढं पाहतात. मी विचारलं, त्या सॅम्पलच्या रोपांचं पुढं काय करतात?

"उपटून टाकतात," दाजी म्हणाले.

"परत आणून कोणाच्या वावरात लावतात का?"

दाजींचा हात तिच्या दंडावर तसाच राहिला. ताईनं डोळे मिटले, उघडले. मग म्हणाली, "फोन लाव. त्या बाईले."

मी संशोधक बाईंना फोन लावला आणि आवाज सर्वांना ऐकू येईल असा ठेवला. शेजारी ताई आहे, हेही सांगितलं. बाई आधी तब्येतीचं बोलल्या. मग ताईनं शब्द गोळा करून विचारलं, "कशा आहेत... माह्या?"

बाई सावकाश बोलल्या. पेशी तयार झाल्या होत्या. त्यांना लांब तंतू फुटले होते, जसे कण्यातून स्नायूपर्यंत जातात तसे. काही आठवडे त्या चांगल्या होत्या. मग त्यांचे तंतू आखूड होऊ लागले, तुटू लागले. आता त्या मरत होत्या. शेजारच्या भांड्यातल्या, चूक दुरुस्त केलेल्या पेशी मात्र टिकून होत्या.

"म्हंजे फेल गेलं?" दाजींनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "आमच्या दृष्टीनं हे बरोबर आलं आहे. आजार भांड्यात दिसला. त्या मेल्या नसत्या तर आम्हाला काहीच शिकता आलं नसतं. आता त्यांच्यावर औषधं घालून पाहता येतील."

"मले कधी लावता?" ताईनं विचारलं.

"ताई, त्या तुम्हाला लावायच्या नाहीत. आजारी पेशी आहेत त्या. आणि चांगल्या पेशीही कण्यात घालून त्या कामाला लागतील असा मार्ग आज माझ्याकडे नाही. मी तेव्हा हे नीट सांगायला हवं होतं."

"सांगतलं... होतं तुमी." ताईला दम लागला. "औषध... निघालं तर... माह्या कामाचं?"

"तुमच्या वेळेत निघेल असं मी म्हणू शकत नाही."

"पोरीच्या?"

"तेही सांगता येत नाही. मी खोटं बोलणार नाही."

फोन ठेवल्यावर दाजींनी तेलाची वाटी उचलून आत नेली. बाहेर आले तेव्हा हात पुसत होते, पुसून झाल्यावरही पुसत राहिले. ताई माझ्याकडे पाहून म्हणाली, "नळी टाका." मग, मी ऐकलं नाही असं समजून, पुन्हा, "नळी."

गाडी दुसऱ्याच दिवशी केली. संभाजीनगरला तिनं फुंकर मारली. तिचे ओठ नळीभोवती बंद होत नव्हते, म्हणून नर्सनं दोन बोटांनी ते आवळून धरले. आकडा पाहून नर्सनं पुन्हा करायला सांगितलं. मग डॉक्टरांनी तिला आडवं झोपवून पाहिलं. आडवं होताच तिचे डोळे मोठे झाले आणि मानेच्या शिरा ताणल्या. लगेच उठवून बसवावं लागलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. ते तरुण होते. त्यांनी दाजींना बाजूला नेलं नाही, ताईच्या समोरच बोलले. गुंगी दिली तर श्वास परत सुरू होईल याची खात्री नाही. यंत्रावर घेतलं तर यंत्रावरून काढता येईल याची खात्री नाही. दुसऱ्या पद्धतीनं नळी बसवता येते, पण त्यातही आडवं राहावं लागतं. सध्या नाकातून नळी घालू, श्वासाला रात्री मास्क लावू, ताकद थोडी वाढली तर विचार करू.

दाजी म्हणाले, "मागच्या खेपेला केली असती तर?"

"मागच्या खेपेला झाली असती."

ताई ऐकत होती. तिच्यासमोर बोलायचं नव्हतं, असं कोणालाही वाटलं नाही, कारण ती बोलत नव्हती. माणूस गप्प झाला की लोक तो नसल्यासारखं बोलतात, हे मी त्या आजारात शिकलो.

नाकातली नळी तिला सहन होत नव्हती. घशात ती सतत टोचे, त्यानं लाळ वाढे, लाळ गिळता येत नसल्यानं ठसका लागे. दाजी वरण गाळून, पातळ करून सिरिंजनं नळीत सोडत. हात थरथरू नये म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवत. मुलगी सुट्टीत आली होती, ती सकाळी शेडनेटमध्ये आईच्या ओळी सांभाळी आणि दुपारी आईची लाळ टिपी. बुद्धविहारातल्या बायका भेटायला येत, पलंगाशी बसत आणि दाजींशी बोलत. मास्क लावला की ताईचा जीव घाबरा होई. मास्क काढला की श्वास पुरेना. दोन्हींतलं कोणतं हवं हे तिनं डोळ्यांनी सांगायचं आणि आम्ही ओळखायचं, आणि आम्ही पुष्कळदा चुकीचं ओळखायचो. मग तिच्या डोळ्यांत पाणी येई. ते दुःखाचं होतं की रागाचं, हेही ओळखता येत नसे.

मी एका पुठ्ठ्यावर बाराखडी लिहून नेली. मी अक्षरांवरून बोट फिरवायचो, हवं ते अक्षर आलं की ती पापणी मिटायची. पहिल्या दिवशी तिनं जमवलं ते वाक्य होतं, "तुले शुद्धलेखन येत नाही." पुठ्ठ्यावर मी एक अक्षर गाळलं होतं. मुलगी हसली, दाजी हसले. ताईचा चेहरा हलला नाही, पण ती आमच्याकडे एकेक करून पाहत होती.

दुसऱ्यांदा तिनं विचारलं, "तिकडं मेल्या का सगळ्या."

मी फोन करून विचारलं. संशोधक बाई म्हणाल्या, पहिला गट संपला. मूलपेशी गोठवून ठेवलेल्या आहेत, त्यांतून नवा गट घेतला आहे. या वेळी औषध घालून पाहणार. मी हे तिला जसंच्या तसं सांगितलं. तिनं पुठ्ठ्याकडे पाहिलं, म्हणून मी पुन्हा बोट फिरवलं.

"मी भूक लागली," असं तिनं जमवलं. वाक्य व्याकरणात बसत नव्हतं, मी ते तपासून पाहिलं. तिला तसंच म्हणायचं होतं की मधलं अक्षर माझ्याकडून निसटलं, ते ठरवता आलं नाही. दाजींनी वरण गरम केलं.

ती गेली तेव्हा नवा गट अजून वाढत होता. छातीत अन्न उतरून ताप आला, दोन दिवसांत श्वास थांबला. दुपार होती. दाजी तिच्या उशाशी होते, मी वाटेत होतो.

जलदानविधीनंतर मी एकट्यानं डॉक्टरांना भेटलो. बातमीसाठी विचारतो तसं विचारलं. नळी वेळेवर बसली असती तर किती फरक पडला असता? डॉक्टर म्हणाले, नेमकं सांगता येत नाही. आजार तोच राहिला असता. पण उपाशी राहिली नसती, अन्न छातीत गेलं नसतं. काही महिने मिळाले असते, बहुधा जास्त. शेवटही इतका कठीण झाला नसता.

दुसरबीडला गेलो तेव्हा दाजी शेडनेटच्या दारात बसले होते. आत तोडणी चालू होती. त्यांनी माझ्यासाठी जागा केली. बराच वेळ मिरचीच्या भावाबद्दल, यंदाच्या पाण्याबद्दल बोलले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पाव्हणे, तुमी डाक्टरले इचारलं असन. नळी टाकली असती तं वाचली असती का?"

"नाही," मी म्हणालो. "आजार तोच राहिला असता."

"हाव," ते म्हणाले. "मलेबी तसंच वाटते."

डॉक्टरांचं पुढचं वाक्य मी सांगितलं नाही.